न छापायचा ठसा

त्यांना गल्लीत सगळे उलटोबा म्हणायचे. तोंडावर नाही हं, तोंडावर 'मामा'. पण मामांची पाठ वळली रे वळली की शेजारचा शिंपी म्हणणारच, "निघाले आमचे उलटोबा!" मामांना ते ऐकू जायचं आणि ते मिशीतल्या मिशीत हसायचे. नावात खोट काढायला जागाच नव्हती ना.

आता उलटोबा का, तर या माणसाचा धंदाच उलटा. कापडावर नक्षी छापायचे लाकडी ठसे असतात, ते कोरायचं काम. ठशावर जे डावीकडे, ते कापडावर उजवीकडे उमटतं. म्हणजे कापडावर सरळ हवं तर लाकडात उलटं कोरायला पाहिजे. ऐकायला सोपं आहे, पण जन्मभर तेच करत बसलं की ते माणसाच्या अंगात मुरतं. उलटोबांना कुणी रस्ता विचारला की तोंडानं 'डावीकडे' म्हणायचे आणि हात उजवीकडे करायचे. न्हाव्याच्या खुर्चीत बसलं की आरशात बघून डावं-उजवं सांगताना भल्याभल्यांची तारांबळ उडते. उलटोबा मात्र तिथं एकदम वाघ. बनियन तर उलटं घालूनच दुकानात येऊन बसायचे. मग आतून मामींचा आवाज यायचा, "अहो, शिवण बाहेर आलीय! दुनियेला दाखवायला घेतलीय का ती?"

दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक खोली. खिडकीखाली ठोकळा, त्यावर पटाशा, गिरमिट, तेलाची वाटी आणि भिंतीला टेकवलेला एक आरसा. कोरत असलेला ठसा आरशासमोर धरायचा, म्हणजे कापडावर तो कसा उमटेल ते आधीच दिसतं. तो आरसा म्हणजे उलटोबांचा खरा मालक. आरशात बरोबर दिसलं की बरोबर, मग बाकी जग काही का म्हणेना. समोरच्या भिंतीवर फळ्या, आणि फळ्यांवर जुने नमुने: कमळ, शंख, चक्र, देवाची पावलं, स्वस्तिक. देवळाची वस्त्रं छापणारे यायचे, विहारासाठी पडदे करून नेणारे भंते यायचे, आणि गंमत अशी की दोघंही कित्येकदा एकाच ठशावर बोट ठेवायचे.

एकदा दोघांची एकाच वेळी गाठ पडली, कमळावरून. देवळाचा कापडवाला म्हणाला, हे लक्ष्मीचं आसन. भंते शांतपणे म्हणाले, आमच्याकडे याचा अर्थ, चिखलात राहायचं पण चिखल अंगाला लावून घ्यायचा नाही. दोघं उलटोबांकडे बघायला लागले. उलटोबा काय बोलणार, त्यांनी कधी कुणाला बोलून हरवलं होतं! आतून मामी आल्या नि म्हणाल्या, "भांडता कशाला? बसायला चांगली जागा सगळ्यांनाच लागते, देव असो नाहीतर बुद्ध. दोन ठसे करून देतील हे. चहा घेणार?" चहा घेऊन दोघं एकाच रिक्षानं परत गेले.

मामी अशा. त्यांच्या बोलण्याला खंड म्हणून नसे. पण पहिल्यापासून त्या अशा नव्हत्या, हे मात्र फार थोड्यांना माहीत होतं.

मामी लग्न होऊन आल्या त्या डोंगराच्या पलीकडून. माहेर बौद्ध, सासर हिंदू. दोन्हीकडच्या थोरामोठ्यांनी आधी नाकं मुरडली. मग पोरं ऐकत नाहीत म्हटल्यावर लग्नाला आली आणि पोटभर जेवून गेली. येताना मामींनी ट्रंकेत कपडे आणले आणि पदरात गुंडाळून भाजक्या मातीची वीतभर बुद्धमूर्ती. आईनं दिलेली. मूर्तीच्या छातीवर उठावाचं स्वस्तिक होतं, त्याचं वरचं टोक डावीकडे वळलेलं. त्यांच्याकडे ते तसंच असतं. सासरी दारावर, देव्हाऱ्यावर, तिजोरीवरसुद्धा स्वस्तिकं होती, पण ती सगळी उजवीकडे वळलेली. कुणी काही म्हटलं नव्हतं हो. सासूनं मूर्तीला चांगली फळी करून दिली, रोज पुसूनही घ्यायची. पण परक्या घरात साधी दाराची कडीसुद्धा चुकीच्या बाजूला वाटते, तसं त्या पोरीचं झालं होतं. विचारलं तेवढंच बोलायची. उलटोबांना वाटलं, आपण मुखदुर्बळ, बायकोही तशीच मिळाली, आता घरात मांजर तेवढं बोलणार.

एका दुपारी ती चहा घेऊन दुकानात आली. ठोकळ्यावर नुकताच कोरून झालेला ठसा पडला होता. तिनं कप तिथंच टेकवला आणि ओरडली, "अय्या! हे तर आमचं!"

ठशावर स्वस्तिक होतं आणि त्याचं वरचं टोक डावीकडे वळलं होतं.

"माझ्यासाठी केलंत?" तिनं विचारलं.

दुसरा कुणी असता तर 'हो' म्हणून मोकळा झाला असता. उलटोबांना तेवढं कुठलं सुचायला! त्यांनी ठसा रंगात बुडवला, चिंधीवर ठेवून वरून मुठीनं ठोकला आणि उचलला. चिंधीवर उजवीकडे वळलेलं स्वस्तिक उमटलं होतं. तिचा चेहरा उतरला. मग तिनं ठसा हातात घेतला, चिंधी बघितली, पुन्हा ठसा बघितला.

"म्हणजे हे एकच आहे?"

"एकच. लाकडात बघितलं की तुझं, कापडावर बघितलं की माझं."

"तुमच्याकडे याचा अर्थ काय?"

"बरं असो. सगळ्यांचं."

"आमच्याकडेही तेच. मग तोंडं अशी दोन बाजूंना का फिरवलीत?"

उलटोबा विचारात पडले. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात शहाणं वाक्य त्यांना त्या दिवशी सुचलं, पुन्हा कधी तसं सुचलं नाही. ते म्हणाले, "तू माझ्या समोर उभी आहेस ना? मग माझा उजवा हात तुझ्या डाव्या हातासमोरच येणार."

ती हसली. मग म्हणाली, "म्हणजे दिवसभर तुम्ही इथं बसून माझंच कोरता तर!" आणि जी बोलायला लागली ती लागलीच. चक्राचा ठसा दिसला की म्हणायची, "तुमच्या देवाचं चक्र बोटावरून सुटतं, आमचं शिकवणीचं चक्र फिरतं, पण एकदा सुटलं की दोन्ही कुणाचं ऐकत नाहीत, माझ्या तोंडासारखी." सासूला हसवलं, सासऱ्यांना हसवलं, शिंप्याला नाव पाडायला शिकवलं. उलटोबा हे नाव मुळात मामींचंच, शिंपी नुसताच मिरवतो.

पुढे लेक झाली, मोठी झाली, लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. सासू-सासरे गेले. आणि मग मामींचे डोळे गेले. काचबिंदू. कडेकडेनं अंधार आत येत गेला, आणि एके दिवशी मामी म्हणाल्या, "अहो, दिवा लावा ना," तेव्हा खिडकीतून चांगलं ऊन आलेलं होतं. उलटोबांनी दिवा लावला. दुसरं काय करायचं ते त्यांना कळलं नाही.

पण मामी म्हणजे मामी. पंधरवडाभर रडल्या आणि मग हातांना कामाला लावलं. भिंत, दाराची चौकट, ओटा, डबे, सगळं घर त्यांनी बोटांनी पाठ केलं. कुणी आलं की चेहरा चाचपून म्हणायच्या, "बघू, वाळलास की काय?" गिऱ्हाइकाला शंख हवा असला तर फळीवर हात फिरवून शंख काढून द्यायच्या. छापलेलं कापड त्यांच्या बोटांना नुसतं सपाट लागायचं, त्यात काही कळत नसे. पण ठसे कळायचे. म्हणायच्या, "माझ्यासाठी आता कापडाचं जग संपलं, लाकडाचं सुरू झालं." आणि रोज सकाळी उठल्याबरोबर त्या फळीवरच्या मूर्तीपाशी जायच्या, छातीवरच्या स्वस्तिकावरून बोट फिरवायच्या. मधोमध, वर, मग डावीकडे. तेवढं झालं की त्यांचा दिवस उजाडायचा.

आणि ती मूर्ती फुटली.

कुणी पाडली? मामींनीच. फळी पुसायला गेल्या, कोपराचा धक्का लागला. उलटोबा आवाज ऐकून धावत आले तर मामी जमिनीवर बसून तुकडे चाचपत होत्या, आणि छातीचा तुकडा काही हाती लागत नव्हता, कारण त्याचा भुगा झाला होता. उलटोबा म्हणाले, "अगं, हात कापेल, राहू दे." मामींनी हात मागे घेतले आणि मांडीवर ठेवले.

ते हात मग मांडीवरून उठेचनात. मामी खिडकीजवळच्या खुर्चीत बसायच्या. चहा हातात दिला तर प्यायच्या, घास दिला तर खायच्या. भिंतीला हात लावणं सोडलं, ओट्याकडे जाणं सोडलं, दुकानात येणं तर नाहीच. एकदाच म्हणाल्या, "आईचं सांभाळता आलं नाही या हातांना. आता काय काय फोडायचं राहिलंय?" आणि बोलणंही संपलं. ज्या बाईनं कधी कुणाला वाक्य पुरं करू दिलं नाही ती गप्प बसली, म्हणजे घराची काय अवस्था होते ते ज्याचं त्यालाच कळतं. शिंप्यानं दोनदा खिडकीतून मुद्दाम 'उलटोबा' अशी हाक मारून बघितली. आतून कुणी हसलं नाही.

लेक आली, येताना नवी मूर्ती घेऊन आली. चकचकीत, गुळगुळीत, खोक्यात कापूस घालून दिलेली. पोरीचं मन चांगलंच होतं, पण मी म्हणतो, आईच्या मूर्तीच्या जागी दुकानातली मूर्ती ठेवायची म्हणजे काय बल्ब बदलायचा असतो? मामींनी 'छान आहे' म्हटलं, हातसुद्धा लावला नाही. स्वयंपाकघरात लेक बापाला हळूच म्हणाली, "बाबा, आईला आता एकटीनं घरात वावरता येणार नाही. रविवारी गाडी घेऊन येते. दोघंही माझ्याकडे चला. तिच्यासाठी खोली रिकामी करून ठेवलीय, कशाला धडकायचीच नाही ती."

उलटोबा 'बरं' म्हणाले. पण कशालाच न धडकणारी मामी त्यांच्या डोळ्यांसमोर काही येईना. त्या खोलीत ती खुर्चीत बसली की पुन्हा उठायची नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि त्याच दिवशी त्यांना सुचलं. लाकडाचं जग, असं तीच म्हणाली होती ना? मग लाकडातच द्यायचं.

हाताला कंप सुटल्यापासून त्यांनी नवं काम घेणं सोडलं होतं. माळ्यावर शिसवीचा एक तुकडा जपून ठेवला होता, तो काढला. तासला, तेल पाजलं, पांढरी माती चोळून त्यावर आखलं. मूर्तीच्या छातीवर होतं तेवढंच स्वस्तिक, कडेनं बारीक पाकळ्या. पटाशी धरताना हात थरथरायचा, म्हणून कोपर ठोकळ्याला बांधून घेतलं. शिंपी डोकावला, "मामा, हात प्लास्टरात?" म्हणाला, मग काय चाललंय ते बघून गप्पच परत गेला आणि थोड्या वेळानं आपली चांगली मोठी भिंगाची काच आणून ठेवून गेला. छापायचा ठसा असता तर मागं मूठ बसवली असती, रंगात हवा अडकू नये म्हणून भोकं पाडली असती. हा छापायचा नव्हताच. हा फक्त तिच्या बोटांसाठी. उलटोबांनी कडा इतक्या घासल्या की कुठं कूस म्हणून लागू नये. आरशासमोर धरून पुन्हा पुन्हा बघितलं. वरचं टोक डावीकडे. अगदी तिच्या आईचं. उलटोबा खूश झाले, फुंकर मारून धूळ उडवली आणि शनिवारी सकाळी ठसा घेऊन खिडकीजवळ गेले.

"अगं, हात पुढं कर."

"कशाला?"

"कर तर खरं."

त्यांनी ठसा तिच्या ओंजळीत ठेवला. मामींची बोटं आधी नुसतीच पडून होती. मग अंगठा हलला. पाकळ्या कळल्या. मग बोट मधोमध गेलं, वर गेलं, आणि थांबलं. परत मधोमध आलं, परत वर गेलं, परत थांबलं.

"छान झालंय," मामी म्हणाल्या. ते 'छान' लेकीच्या मूर्तीला म्हटलं होतं तसलंच होतं. मग हळूच म्हणाल्या, "पण हे तुमचं आहे हो."

"माझं? छे! अगं तुझंच आहे, मी आरशात..."

आणि तिथंच उलटोबांच्या डोक्यात प्रकाश पडला. आरशात! आरशात बघून कोरलं म्हणजे लाकडात उलटं. कापडावर तिचं उमटावं असं कोरलं आणि कापड तर नव्हतंच. बोट फिरणार होतं ते लाकडावर, आणि लाकडात टोक उजवीकडे वळलं होतं. जन्मात एकदा, एकदाच सरळ कोरायचं होतं. मरेपर्यंत माणसाची खोड जात नाही म्हणतात ते हेच.

ते मटकन तिच्या पायाशी बसले. "मी मूर्ख आहे गं," म्हणाले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "एक काम तुझ्यासाठी करायला घेतलं, तेही उलटं केलं. आता लाकूड नाही, हातही नाही. थांब, फळीवरचे जुने ठसे आहेत, ते सगळे डावेच आहेत, त्यातला आणतो..."

ते उठायला लागले तेवढ्यात वरून आवाज आला. उलटोबांना आधी वाटलं, हीही रडतेय. वर बघतात तर मामी हसत होत्या. खुर्ची हलेपर्यंत हसत होत्या.

"अहो, म्हणजे भिंतभर माझीच पडलीत," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही घाम गाळून, हात बांधून, नेमकं तुमचं कोरून आणलंत! धन्य आहे बाई तुमची!"

"आणतो ना जुना."

"नको. ते गिऱ्हाइकांसाठी कोरलेले. हा माझ्यासाठी कोरलात. बसा खाली."

ते बसले. मामींनी ठसा उजव्या हातात धरला, डाव्या तळहातावर उपडा ठेवला, आणि उलटोबांची मूठ चाचपून शोधून त्यावर ठेवली. "दाबा. रंग नको, काही नको. दाबा नुसतं."

"दुखेल."

"दाबा म्हणते ना."

उलटोबांनी दाबलं. मामींनी थोडा वेळ तसंच धरून ठेवलं, मग ठसा बाजूला केला आणि तळहात त्यांच्या तोंडासमोर धरला. "आता बघा. आणि आरशाकडे पळू नका, आपल्या डोळ्यांनी बघा."

तळहातावर, म्हाताऱ्या रेघांच्या मधोमध, स्वस्तिक उमटलं होतं. कडा लालसर झाल्या होत्या. वरचं टोक डावीकडे वळलं होतं.

"काय दिसतंय?" मामींनी विचारलं.

उलटोबांनी वरच्या टोकावरून बोट फिरवलं. "तुझं," शेवटी म्हणाले. "तुझंच उमटलंय गं. आईचं आहे तसं."

"मग? कोरलंत तुमचं, उमटलं माझं. तुम्हीच सांगितलं होतंत, समोरासमोर उभं राहिलं की असंच होतं म्हणून. एवढ्यात विसरलात?"

उलटोबा तळहाताकडे बघत होते. ती लाली हळूहळू जात होती. "अगं, पुसट होतंय," ते घाबरून म्हणाले.

"होऊ दे की. उद्या सकाळी परत उठवू. रोज उठवू. तुम्हाला दुसरं काय काम आहे?" मामींचा हात पुढं आला, उलटोबांच्या गालावर लागला, ओला लागला तसा पदर पुढं करून त्यांनी तो पुसला. "आणि लेकीला फोन करा. म्हणावं, गाडी आण, पण जेवायला ये नुसती. जेवण मी करते."

मग मामी उठल्या. ठसा कमरेला खोचला, हात भिंतीवर ठेवला, चौकट लागेपर्यंत तो सरकवत नेला आणि आत गेल्या. आतून डब्यांचा आवाज यायला लागला, एक पेलाही पडला. उलटोबांनी श्वास रोखला. पण आवाज थांबला नाही.

"अहो!" आतून हाक आली. "साखरेचा डबा डावीकडे ठेवायचा की उजवीकडे, या जन्मात कळणार आहे का तुम्हाला?"

"नाही बुवा," उलटोबा म्हणाले आणि डोळे पुसत तिथंच बसून राहिले.